पंचवीस तारखेचं उघडं दुकान

पुठ्ठेकाकांचं बाइंडिंगचं दुकान दर रविवारी कडकडीत बंद. पंचवीस डिसेंबरला मात्र उघडं, आणि तेही नेहमीपेक्षा अर्धा तास आधी. गेली एकतीस वर्षं हा माणूस नाताळ पाळत नव्हता, आणि तो काही नास्तिक वगैरे नव्हता. उलट चर्चच्या अख्ख्या मंडळीत बायबल त्यांच्याइतकं कुणी हाताळलं नसेल. खिळखिळ्या झालेल्या प्रती उसवायच्या, एकेक पान तपासून ओळीने लावायचं, पुन्हा शिवायचं. पान सुटलं की बाइंडरची अब्रू गेली.

"प्रत्येक पान बोटांखालून गेलंय," ते सांगत. "जन्म आहे, गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. तारीख नाही. देवाने मागितलं नाही ते देवाच्या नावावर कशाला खपवायचं?"

लोक वैतागत. काकांना त्यात मजाही यायची, हे कबूल करायला हवं.

यंदा मात्र गाठ चर्चच्या नव्या पाळकांशी, म्हणजे धर्मगुरूंशी होती. सकाळची उपासना आटोपून ते झग्यासकट थेट दुकानात आले.

"काका, शटर खाली करा. आज प्रभूचा जन्मदिवस."

"कुणी ठरवला?"

"मंडळीने. शेकडो वर्षांपूर्वी."

"मग मंडळीने पाळावा की. मी कुणाला अडवलंय?"

पाळकांचा पारा चढला. "पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न आहे ना? दुकान उघडं राहिलं तर ते चर्चमध्ये लागणार नाही."

काकांची सुई थांबली. आईविना वाढवलेली एकुलती एक लेक, पत्रिकाही वाटून झालेल्या. स्वतःवर काय वाटेल ते झेलणारा हा हेकट माणूस इथे ढेपाळला. मुकाट्याने उठून त्यांनी शटर ओढायला घेतलं.

"बाबा, सोडा ते."

लेक दारात उभी होती, उपासनेत गाऊन आलेली, नव्या ड्रेसमध्ये.

"पाळकसाहेब, मी नाताळ पाळते. मनापासून पाळते. हा ड्रेस बाबांनीच आणलाय, दर वर्षी आणतात. त्यांनी मला कधी धाक घातला नाही. तुम्ही त्यांना घालायचा नाही."

"मग लग्नाचं काय?"

तिने अर्धवट उतरलेलं शटर दोन्ही हातांनी धाडकन वर ढकललं.

"इथेच लागेल. पाहुणे कागदांच्या गठ्ठ्यांवर बसतील. तुम्हीही या, पण झगा घरी ठेवून."