बत्तीस जीबीचं लग्न

माझ्या मेहुणीच्या मुलीचं लग्न तीनदा झालं. एकाच मांडवात, एकाच मुलाशी. पहिलं रीतसर, उरलेली दोन माझ्यामुळं!

लग्नाच्या तोंडावर चिचगडला माझ्या सासूबाईंचा पाय मोडला. नातीचं लग्न सौंदडला आणि आजी प्लास्टरमध्ये! त्या रडायलाच लागल्या. मी म्हणालो, "आई, अख्खं लग्न तुमच्या खाटेपाशी आणतो." (मला कोणी विचारलं नव्हतं!)

कॅमेरा नवाच होता. कार्ड घ्यायला गोंदिया गाठलं.

"भाईसाब, वीडियो के लिए ये आठ जीबी लो, तेज़ है," दुकानदार म्हणाला. "बत्तीसवाला सुस्त है. गोदाम बड़ा, दरवाज़ा छोटा!"

मी पडलो धानवाला. पोतं घेताना माल किती राहतो ते बघायचं. भरायला वेळ किती लागतो, हे कोण बघतो? बत्तीसच घेतलं!

नवरीनं हार घातला आणि कॅमेरा बंद! पडद्यावर सूचना : कार्ड फार हळू.

"थांबा! हार काढा, परत घाला!" मी ओरडलो.

परत घातला. परत बंद. (या खेपेला आठ सेकंद चालला. प्रगती होती!)

तिसऱ्यांदा नवरी वैतागली, "मावसाजी, हात दुखून राहिले ना!" लग्न लावणाऱ्या शांत बौद्धाचार्यांनीही पुस्तक मिटलं. "भाऊ, लगन मी लावून राहिलो का तुमचं कार्ड?"

बायको धावत आली. "अजी, कायले हसं करून राहिले? ठेवा तो डब्बा!"

मी डब्बा गळ्यात लटकवला आणि मुकाट्यानं फुलं उधळली.

दुसऱ्या दिवशी चिचगडला टीव्हीला वायर जोडली. सासूबाई उशीला टेकून, शेजारणी भोवती. हाराचे तीन तुकडे संपले आणि सुरू झाला सव्वा तासाचा सलग व्हिडिओ! गळ्यात लटकवताना बटण दाबलं गेलेलं, कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडे. समोर काही धावत-पळत नव्हतं, म्हणून सुस्त कार्डालाही झेपलं. पडद्यावर फक्त आकाशी शर्टातलं माझं पोट! आवाज मात्र सगळा : मंगलगाथा, पंगतीचा गोंगाट आणि शेवटी नातीचा हुंदका, "आजीले सांगजा, मी लवकर येतो..."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी हळूच विचारलं, "आई, बंद करू?"

"राहू द्या, जवाईबापू. पोरगी आयकू आली, मले लगन पावलं." मग पडद्याकडे निरखून म्हणाल्या, "फक्त जेवण झाल्यापासून तुमी टीव्हीच्या बाहेर जाऊन राहिले!"