खाणेसुमारी

घोडबंदरच्या खाडीकाठची आमची वाडी एवढीशी, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाची म्हातारी 'सत्य आहे' म्हणायची. दर पंधरवड्याला येणारा तलाठी त्याहून एवढासा. वाऱ्यात तो दप्तर पोटाशी घट्ट धरायचा, आपण उडू नये म्हणून. बोलणं मात्र शिक्का मारल्यासारखं: "लिहिलं. खोडलं. पुढे!"

वाडीत शंभर माणसं भरली नाहीत तर शाळा बंद, असा हुकूम आला. शाळेचा एकुलता मास्तर मी, म्हणून माणसं मोजायला निघालेल्या तलाठ्याची दौत धरून हिंडत होतो. पण वाडीने 'खानेसुमारी' हा सरकारी शब्द 'खाणेसुमारी' असा ऐकला. मग काय! उत्पन्न विचारलं की ते ओहोटीसारखं ओसरायचं आणि खाणारी तोंडं भरतीसारखी चढायची.

"लिव, आमचे घरान नऊ खानारी," मिठागरावरची आजी म्हणाली.

"मला दिसतात सहा."

"दोन बकऱ्या न् कोंबरा काय उपाशी ऱ्हातान?"

"खोडलं. पुढे!"

प्रत्येक घरी 'पुढे' म्हणण्याआधी तो भाकरी-बोंबील मात्र हाणायचा. उन्हं कलता नव्व्याण्णव भरली आणि वाडी संपली.

मी त्याचा हात धरला. "रावसाहेब, तो कोंबडा तरी घ्या!"

"कोंबडा? सरकारी कागदावर?" तो कडाडला. मग त्याने ढेकर दिला, टाक बुडवला आणि शंभराव्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं.

"अहो, पण तुम्ही ठाण्याला राहता!"

"सकाळपासून खातोय कुठं?" तो म्हणाला. "लिहिलं. पुढे!"