रविनाने बोलावलेली लाह

रविना पावरा मूळची तोरणमाळच्याही पलीकडची. शहाद्याकडच्या आमच्या कॉलेजात ती बी.एस्सी.ला आली तेव्हा तिचा अर्ज मीच तपासला. बावीस वर्षं इथे कारकुनी करतोय आणि माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तिला इथे कुणी त्रास दिला नाही. वाईट होतं ते हेच, कुणी काहीच दिलं नाही. सपाटीवरच्या पोरांची अहिराणीत खिदळाखिदळी चालायची, कँटीनमधली पंख्याखालची टेबलं त्यांची. डोंगरातली पोरं डबे घेऊन बाहेर निंबाखाली. असा नियम कुणी केला नव्हता, पाळत मात्र सगळेच होते. मीसुद्धा त्यांना ‘निंबाखालची’ म्हणायचो. आता लाज वाटते.

फेब्रुवारीत तिने कॉलेज सोडण्याच्या दाखल्यासाठी अर्ज दिला.

“कसाले जाई ऱ्हायनी, पोरी?” मी विचारलं.

“सर, मी इथे असले काय, नसले काय, सारखंच.”

प्राचार्य गावाला गेलेत, परवा ये, एवढंच सांगितलं.

ती वळते न वळते तोच वावटळ आली आणि मैदानावरचा स्नेहसंमेलनाचा मांडव आडवा झाला. कार्यक्रम दुसऱ्या सकाळी, आणि मांडववाला लग्नाच्या गडबडीत. संमेलनाचा सचिव भाग्येश, बागायतदाराचा पोरगा, धापा टाकत रविनापाशी आला.

“तुमना पोरेसले बांबूनं काम येस ना? सांग ना त्यासले.”

“सांगते. पण मग लाह बोलव. बोलावणारा तू.”

लाह ही डोंगरातली रीत. एकाच्या कामाला सगळं गाव येतं, मजुरी घेत नाही. बोलावणाऱ्याने जेवू घालायचं आणि त्यांच्या कामाला आपणही जायचं. भाग्येशला यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, तरी तो हो म्हणाला.

चाळीस पोरंपोरी आली. ऊन उतरायच्या आत मांडव पहिल्यापेक्षा पक्का उभा राहिला. भाग्येशने खिचडीची पातेली निंबाखाली पाठवली आणि स्वतः मित्रांबरोबर पंख्याखाली जाऊन बसला. बाहेर एकानेही घास उचलला नाही. रविना थेट कँटीनमध्ये शिरली. या पोरीचा आवाज तोवर मी कधी इतका मोठा ऐकला नव्हता.

“लाह बोलावणारा पंगतीत बसतो. तू नाही बसलास तर आम्ही मजूर झालो.”

भाग्येशचे कान लाल झाले. तो उठला, त्याच्यामागे सगळं कँटीन उठलं. नव्या मांडवात एकच पंगत बसली, आणि कुणी कुणाशेजारी बसायचं हे ठरवायला कुणाला वेळच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी रविना अर्ज मागे घ्यायला आली. मी तो इतक्या आनंदाने परत दिला की शेजारच्या टेबलावरचे साहेब चकित झाले.

मे महिन्यात तिने लाह बोलावली. घरावर कौलं चढवायची होती. बत्तीस पोरंपोरी घाट चढून गेली, सर्वांत पुढे भाग्येश. मीही गेलो. या वयात कौलं झेलताना कंबर बोलायला लागली, पण असा मजेचा दिवस मी कॉलेजात कधी पाहिला नाही.

रविना आढ्यावर बसून हुकूम सोडत होती. तिचे वडील रायसिंगभाऊ अंगणभर पसरलेल्या त्या गर्दीकडे बघतच राहिले. त्यांनी पावरी बोलीत काहीतरी विचारलं. हातातलं काम न थांबवता तिने उत्तर दिलं.

काय बोलणं झालं, ते मी शेजारच्या ममताला विचारलं. तीही त्याच पाड्यावरची.

“ते विचारतात, ही एवढी माणसं कुणाची? ती म्हणाली, माझी.”