करंगळीएवढी जागा

माझी आत्या पुरानंतर मदत करणाऱ्या एका संस्थेत तपासणीचं काम करते. मदत वाटणारी माणसं वेगळी. वाटून झाल्यावर ती पोचली का, पुरली का, कुणाच्या उपयोगी पडली का, हे पायी फिरून पाहायचं काम तिचं. वस्तीत तिला तपासताई म्हणतात. घरी बाबा म्हणतात, "आमच्या ताईला कुणी फुलं दिली तरी ती आधी देठ मोजेल."

त्याआधी वीस वर्षं ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेच्या नळ्या धुवायच्या, तराजू पुसायचा, मुलांनी काय काय फोडलं त्याची नोंद ठेवायची. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. एवढ्या वयात नवी नोकरी कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. तिथे रोज नवीन प्रश्न विचारायचा पगार मिळतो, असं ती म्हणाली.

तिची विचारायची एक पद्धत आहे. "बादली मिळाली का?" असं ती कधीच विचारत नाही. अशा प्रश्नाला सगळे हो म्हणतात, उगाच कुणाचं नाव कापलं जायला नको म्हणून. ती म्हणते, "धुळीत फिरून हात मळलेत, जरा पाणी देता?" मग पाणी कशातून येतं ते बघते. बादली दिसली तर लिहिते. बादलीत कांदे भरून ठेवलेले दिसले तर तेही लिहिते, आणि पाणी कशात साठवता ते विचारते. लोकांना आधी ती संशयी वाटते. दोन भेटींनंतर कळतं की बाईला खरंच कांद्यांबद्दल जाणून घ्यायचंय.

गेल्या वर्षी एका सोमवारी तिच्या कार्यालयात चार आकडे आले.

पुरात घरं गेलेल्या लोकांसाठी उंचावर पत्र्याच्या खोल्यांची वस्ती उभी राहिली होती. तिथे खोल्यांच्या चार रांगा आणि प्रत्येक रांगेचं एक केंद्र होतं. दर महिन्याला पाच वर्षांखालच्या मुलांचा दंड एका रंगीत पट्टीने मोजायचा. साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर हिरवा रंग, मूल ठीक. त्याच्या खाली पिवळा, म्हणजे मूल वाळतंय, त्याला रोज एक पौष्टिक पाकीट. साडेअकराच्याही खाली गेला तर लाल, थेट दवाखाना.

पहिल्या केंद्रात शंभरातली एकोणीस मुलं पिवळी होती. दुसऱ्यात बावीस, तिसऱ्यात वीस. चौथ्यात सहा.

मोठ्या मॅडम खुशीत होत्या. चौथ्या केंद्रात तीन महिन्यांची न वापरलेली पाकिटं साठली होती, बत्तीस खोकी. "एक तारखेपासून ती सगळी नदीपलीकडच्या नव्या वस्तीला," त्या म्हणाल्या. "तिथली मुलं ताटकळताहेत. आणि चौथं केंद्र बंद. शुक्रवारपर्यंत तुमची सही द्या."

"सहाच का?" आत्याने विचारलं.

"चांगलं काम चाललंय म्हणून."

"हो, पण नेमकं काय चांगलं?"

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्हाला चांगली बातमी पचत नाही का हो?"

"पचते की. पण कृती हवी. बाकीच्या तिन्ही केंद्रांना देईन."

सही केली की चौथ्या केंद्रातल्या एकशे अडतीस मुलांना पुन्हा कुणी मोजणार नव्हतं. आकडा खरा असेल तर उत्तमच. आत्याला फक्त तो का खरा आहे, एवढं कळायला हवं होतं, आणि हातात चार दिवस होते.

मंगळवारी ती चौथ्या रांगेत गेली. टाकी तीच, पाणी तेच, धान्याचं पोतंही त्याच गोदामातलं. हात धुवायची जागा उलट जास्त लांब. तिने आयांना विचारलं. एकीने सांगितलं, आमची रांग टोकाची, वारं चांगलं लागतं. दुसरी म्हणाली, आमची पोरं उनाड, दिवसभर पळतात. तिसरीचं म्हणणं पडलं की सगळं केंद्रात माप घेणाऱ्या टेलरकाकूंच्या हाताला यश आहे म्हणून. आत्याने वारंसुद्धा लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात वहीत डोकं घालून बसलेली पाहून आई म्हणाली, "वन्सं, मुलं धडधाकट आहेत हे ऐकून माणसाला बरं वाटतं हो."

"वाटतंय गं. कशामुळे ते कळलं तर आणखी वाटेल."

"आणि नाही कळलं तर?"

"तर जेवायला वाढ," बाबा मधेच म्हणाले, "नाहीतर ही पोळीचा परीघ काढत बसेल."

बुधवारी तिला चौथ्या रांगेत एक आजी भेटली. कडेवर दोन वर्षांची नात, तोंडात जिभेपेक्षा तिखट काही नाही. हे कुटुंब आधी दुसऱ्या रांगेत राहायचं, खोली गळत होती म्हणून इकडे हलवलेलं.

"दुसऱ्या केंद्रात होती तोवर ही पिवळी," आजी म्हणाली. "रोज पाकीट मिळायचं. इकडे राहायला आलो आणि आठ दिवसांत हिरवी. मधला रस्ता भलताच पौष्टिक दिसतोय, ताई. तुम्हीही दोन फेऱ्या मारा, जरा अंग धराल."

आत्या खळखळून हसली. हसता हसता थांबली आणि तिने दोन्ही कार्डं मागितली. तिकडे बारा पूर्णांक एक. इकडे बारा पूर्णांक आठ. मधे आठ दिवस, आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे त्यातले तीन दिवस पोरीला जुलाब.

ती तशीच केंद्रात गेली. पत्र्याची खोली, सतरंजी, खिळ्याला टांगलेल्या दोन पट्ट्या, खिडकीशी टेलरकाकू. पुराआधी त्यांचं शिवणाचं दुकान होतं. मशीन वाहून गेलं, दुकानाची भिंतही. आता त्या केंद्रात माप घेत. त्यांच्या खोलीत मुलं रडत नसत. बाकीच्या केंद्रांत पट्टी दिसली की भोकाड पसरणारी मुलं इथे आपणहून हात पुढे करायची. काकू त्यांच्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलत. "या साहेब, बाही लांब ठेवू की आखूड?"

आत्या कोपऱ्यात बसली. पाच मुलं मोजून झाली. सगळं शिकवल्याप्रमाणे, डावा दंड, मधोमध, हात सैल सोडलेला. तिला काहीच दिसलं नाही. मग ती उठून काकूंच्या डाव्या हाताला जाऊन बसली, आणि सहाव्या मुलाच्या वेळी तिला करंगळी दिसली. पट्टी आवळण्याआधी काकूंच्या करंगळीचं टोक पट्टी आणि दंड यांच्या मधे अलगद जाऊन बसत होतं. आकडा वाचून झाला की तितक्याच अलगद बाहेर.

"काकू, ते बोट?"

"कुठलं?"

"करंगळी. पट्टीखाली."

काकूंनी आपल्या हाताकडे पाहिलं. एखादं ओळखीचं माणूस भलत्याच ठिकाणी दिसावं तसं. "अहो, अंगाबरोबर माप कोण घेतं? वाढतं मूल आहे. बोटभर जागा सोडायचीच. बत्तीस वर्षं झाली, आपोआप जातं ते."

"पण प्रशिक्षणात तुमची मापं बिनचूक आली होती. मीच तपासली."

"त्या दिवशी पाइप होता ना. पाइपला कुठे वाढायचंय?"

आत्याला तो दिवस आठवला. खरं मूल घेऊन परीक्षा घ्यायची असा नियम होता. त्या दिवशी मुलं रडून रडून थकली होती, वेळ सरत आला होता, म्हणून तिने प्लंबरकडून प्लॅस्टिकच्या पाइपाचे तीन तुकडे कापून आणले. टेलरकाकूंनी तिन्ही इतके नेमके मोजले की आत्याने पैकीच्या पैकी गुण दिले आणि खाली सही केली. पाइप आणायची युक्ती सुचली म्हणून ती तेव्हा स्वतःवर खूशही होती.

तिने त्या सहाव्या मुलाचा दंड पुन्हा मोजला, पट्टी कातडीला टेकवून. काकूंचं माप बारा पूर्णांक नऊ होतं. आता बारा पूर्णांक दोन आलं.

काकूंनी तो आकडा वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी ज्यांना हिरवं सांगून घरी पाठवलं..."

"हो."

"किती असतील?"

"माहीत नाही. सगळ्यांना पुन्हा मोजायला लागेल."

"मीच मोजते," काकू म्हणाल्या. "तुम्ही माझ्या हातांकडे बघत बसा."

गुरुवारी दोघींनी एकशे अडतीस मुलं मोजली. तिसऱ्या मुलापर्यंत काकूंचं बोट दोनदा आत गेलं. मग त्यांनी करंगळी शेजारच्या बोटाला चिंधीने बांधून टाकली. प्रत्येक आईला त्या आधी सांगत, माझं मागचं माप चुकलं होतं. काही जणी चिडल्या, काहींनी समजून घेतलं. एकीने काही न बोलता मूल पुढे केलं आणि तेच काकूंना सगळ्यात जड गेलं. संध्याकाळी बेरीज झाली. एकोणतीस पिवळी, एक लाल.

लाल निघालेल्या मुलाच्या आईजवळ तान्हं बाळ होतं. मुलाला घेऊन दवाखान्याच्या गाडीत काकू बसल्या. परत येऊन उतरताना त्यांची मान खाली होती, पण मूल दाखल झालं होतं, त्याला दूध पचत होतं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की अजून पंधरा दिवसांनी आणलं असतं तर अवघड होतं. हे वाक्य काकूंनी आत्याला शब्द न गाळता सांगितलं.

शुक्रवारी आत्याने मॅडमसमोर सहीचा कागद कोरा ठेवला आणि त्यावर दुसरे दोन कागद, एकावर नवी मापं, दुसऱ्यावर पाइपाची हकिगत.

मॅडमनी वाचलं. "शिवणकामवालीला बदलावं लागेल."

"तिला का? तिने पाइप नीट मोजला. पाइप मी आणला होता."

"अहो, पुढच्या महिन्यापासून नीट मोजा, अहवालात 'मोजणीत सुधारणा' असं लिहा. संपलं. हे एवढं सगळं वर पाठवलंत तर तुमच्यावर येईल."

"ज्याच्यावर यावं असं दुसरं कुणी शिल्लक आहे का?"

मॅडमना हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. त्यांनी दोन्ही कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग कागदाच्या मागे पेन्सिलने हिशोब मांडला. चौथ्या केंद्राला वीस खोकी ठेवावी लागणार होती. उरली बारा. नवा साठा यायला तीन आठवडे.

"नव्या वस्तीला बत्तीस सांगितली होती," त्या म्हणाल्या. "फोन करून कळवते तिथल्या प्रमुखांना."

"फोन नको. मी जाते. त्यांना मला काही विचारायचं असेल."

शनिवारी ती नदीपलीकडे गेली. टेलरकाकू न बोलावता बरोबर आल्या. ताडपत्रीच्या मांडवात पन्नासेक बायका मुलांना घेऊन बसल्या होत्या. टेंपोतून बारा खोकी उतरली आणि सगळ्यांचे डोळे आणखी खोक्यांसाठी टेंपोकडेच राहिले. आत्याने उभं राहून सांगितलं. बत्तीस येणार होती, बारा आली आहेत. बाकीची तीन आठवड्यांनी. का, तेही सांगितलं, पाइपासकट.

एक तरुण बाई उठली. तिचं मूल खांद्यावर झोपलेलं होतं.

"म्हणजे चूक तुमची आणि थांबायचं आमच्या पोरांनी?"

"हो," आत्या म्हणाली.

एवढं सरळ उत्तर येईल असं त्या बाईला वाटलं नसावं. तिने खांद्यावरचं मूल सावरून घेतलं. "मग ही बारा खोकी कुणाला द्यायची, ते कोण ठरवणार?"

"ज्यांचा दंड सगळ्यात कमी भरेल त्यांना आधी. आज मोजू."

"आणि मोजणार कोण? तुम्हीच?" मागून कुणीतरी फिसकन हसलं. "तुमच्या मापावर आम्ही भरवसा का ठेवायचा?"

 आत्या म्हणाली, "बरोबर विचारलंत," आणि सवयीने प्रश्न वहीत लिहायला लागली.

टेलरकाकू मात्र पुढे झाल्या. त्यांनी पिशवीतून पट्टी काढून त्या बाईच्या हातात दिली. "ठेवू नका भरवसा. तुम्हीच घ्या माप. अवघड नाही. खांदा ते कोपर, मधोमध खूण करायची. अशी. आता पट्टी फिरवा. कातडीला लागू दे, रुतू नको दे."

बाईने झोपलेल्या मुलाचा हात हळूच सोडवला. आजूबाजूच्या बायका वाकून बघायला लागल्या. एक जण म्हणाली, घट्ट झाली गं. दुसरी म्हणाली, कुठे घट्ट, तुझीच नजर घट्ट.

"बारा पूर्णांक तीन," बाईने वाचलं. मग कुणी न सांगता पट्टी काढून पुन्हा लावली. "आता पूर्णांक चार येतंय." तिने आत्याकडे पाहिलं. "यातलं खरं कुठलं?"

आत्याची पेन्सिल थांबली. घरी येऊन हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की बाबांनाही थट्टा सुचली नाही.

"मलाही बघायचंय," ती त्या बाईला म्हणाली. "तिसऱ्यांदा घ्या."