आठवीतलं कॅल्शिअम क्लोराइड आणि आमची स्टाफरूम

मित्रांनो, दुपारपासून तोंड कडू झालंय, म्हणून लिहून राहिली.

मी आंधळगावकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आज आठवीला आयनिक संयुगं होती. मुलांना न पाहता आयनांची नावं लिहिलेली कार्डं उचलायला लावली. कोणी धन आयन झालं, कोणी ऋण आयन. विरुद्ध प्रभाराचे हात धरून एकूण प्रभार शून्य करायचा, एवढाच नियम.

समीक्षाला कॅल्शिअम आलं, म्हणजे दोन धन प्रभार. क्लोराइडचा ऋण प्रभार एकच, म्हणून एका क्लोराइडनं भागेना. तिनं क्लोराइडवाल्या दोन पोरांचे हात धरले आणि ओरडली, "मॅडम, आम्ही कॅल्शिअम क्लोराइड झालो!" वर्ग नुसता हसत होता. खेळ उद्याही घ्यायचं ठरलं.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर, ज्यांनी वर्गावरून जाताना खेळ पाहिला होता, डबा खाता खाता म्हणाले, "मॅडम, पोरगी बौद्धाची, पोट्टे कोणाच्या घरचे, थोडं पाहून त जोड्या लावा. लोकं बोलतात गावात."

बाकीचे मान खाली घालून जेवत राहिले. मले शिसारी आली.

"सर, हेच तिच्या बापासमोर बोलून दाखवा," मी म्हटलं.

तेवढ्यात दारात समीक्षा दिसली. कार्डं परत करायला आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कार्डं टेबलावर ठेवून हळूच म्हणाली, "मॅडम, उद्या मी नुसती पाहीन."

"उद्या पहिलं कार्ड तूच उचलशील," मी सगळ्यांसमोर सांगितलं. ती तोवर दाराकडे वळली होती.

ती गेली, आणि सरांनी शेजारच्याला लोणचं मागितलं. किळस आली मले त्या माणसाची.

उद्या मी तोच खेळ घेणार आहे. पण ती बाकावरून उठलीच नाही, तर तिला काय सांगू?