दुसरा एखादा देश

मला वर्गात टाळ्या घ्यायची खोड आहे. जळगावच्या एका शाळेत मी गेली बरीच वर्षं इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. पुस्तकातला धडा धडाधड उरकून "चला, आता जरा गंमत करू" म्हणायला मला फार आवडतं. त्यातली एक गंमत अजून मला सुखाने घास गिळू देत नाही, तीच सांगतो.

अमेरिका आणि रशिया यांच्यातला अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा शेवटचा करार संपला, तेव्हा आमच्याकडच्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर, केळीच्या भावाखाली आली होती. मी ती नववीच्या वर्गात वाचून दाखवली. मग शीतयुद्ध, शस्त्रांची शर्यत, दोघांच्या धमक्या, सगळं हातवारे करून रंगवलं. पोरं खूश झाली. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, करार होता तेव्हा ते एकमेकांकडे जाऊन बॉम्ब मोजायचे ना? मग आता मोजणार कोण?"

"छान प्रश्न आहे, पुढच्या तासाला बघू," म्हणून मी वेळ मारून नेली. पुढच्या तासाला तीच वहीत चार कात्रणं चिकटवून आली. करार कागदावर होता तेव्हाच मोजणी कशी बंद पडली होती, हे मला माझ्या विद्यार्थिनीकडून कळलं. मी तिचं कौतुक केलं, पण जरा हात राखूनच.

तिच्या त्या वहीवरूनच मला परिषदेची कल्पना सुचली. अण्वस्त्रं बाळगणारे नऊ देश, नऊ खुर्च्या, समोर पुठ्ठ्याच्या पाट्या, आणि शस्त्रं कमी करण्यावर चर्चा. चित्रकलेच्या सरांनी झेंडे रंगवून द्यायचं कबूल केलं, मुख्याध्यापकांनी पाहुणे ठरवले. मी वर्गात देश वाटायला बसलो.

अमेरिकेसाठी निम्मा वर्ग उभा राहिला. रशियासाठी तिने हात वर केला होता, मी तो बघितला होता. रशिया मी एका उंच, खणखणीत आवाजाच्या मुलाला दिला. असोद्याहून बसने येणाऱ्या मुलाला चीन मिळाला. वर्गातल्या विदूषकाने उत्तर कोरिया हट्टाने मागून घेतला. असं करता करता पाकिस्तान उरला. मी मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि तिचं नाव लिहून टाकलं.

वर्गात ती एकटीच मुसलमान होती. नाव लिहिताना हे माझ्या मनात आलं नव्हतं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. मनात आलं होतं, आणि मला ते अगदी साहजिक वाटलं होतं. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मी "शांत बसा" म्हणालो, पण मलाही थोडं हसू आलं होतं. ती "हो सर" म्हणाली आणि वही मिटून बसली.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. मेहरूणला त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळा तोंडावर आलेला, म्हणजे त्यांना मान वर करायला फुरसत नसणार, तरी दुकान बंद करून, कपडे बदलून आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"सर, एक विनंती होती," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरीला दुसरा एखादा देश मिळेल का? लहानसा असला तरी चालेल."

तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. ते भांडले असते तर मी बदलला असता, असं मला वाटतं. मी म्हणालो, "अहो, नाटक आहे नुसतं. अवघड देश आहे, म्हणून मुद्दाम हुशार मुलीला दिलाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, "तुम्ही म्हणता तर ठीक आहे सर" म्हणाले आणि जाताना मला हात जोडले.

रात्री जेवताना मी हे बायकोला सांगितलं. ती धुळ्याकडची, घरात अहिराणीच बोलते. "मंग दि टाका ना दुसरा देश," ती म्हणाली. "तुमनं काय जास?"

मी पाट्या रंगवून झाल्यात म्हणालो. पाट्या रंगवून झाल्या नव्हत्या.

परिषदेच्या दिवशी ती आली नाही. पाहुणे येऊन बसलेले, आठ खुर्च्या भरलेल्या आणि एक रिकामी. मी तीन मुलांना विचारलं. एक म्हणाला, "सर, मी नाही." दुसऱ्याचे पप्पा रागावणार होते. तिसरा नुसताच मागे सरकला. शेवटी मीच त्या पाटीमागे जाऊन बसलो. मागून पोरांनी "हाय हाय" सुरू केलं. पाहुणे हसत म्हणाले, "काय सर, तुम्हीच का?"

"नाटकापुरता हो!" मी पटकन म्हणालो. "आपण पक्के खान्देशी!"

हॉल हसला आणि विषय मिटला. माझ्यापुरता मात्र तो मिटला नाही. एवढ्याशा वेळात मला स्वतःला सोडवून घ्यावंसं वाटलं होतं, आणि माझ्यावर सगळ्यांनी लगेच विश्वासही ठेवला होता. तिने हेच वाक्य म्हटलं असतं तर कोण हसलं असतं, आणि कसं? पुढे काय बोललं गेलं ते मला नीट ऐकू आलं नाही. नऊच्या नऊ देशांनी दहा मिनिटांत सगळे बॉम्ब नष्ट करायचं ठरवलं. ते खरंच केलं की नाही, हे बघायला कोण जाणार, असं कुणीच विचारलं नाही. टाळ्या खूप पडल्या.

दुसऱ्या दिवशी पहिलाच तास माझा होता. ती जागेवर बसलेली होती. मी हजेरीपुस्तक उघडलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काल का नाही आलीस?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. खरं सांगायला ती घाबरली असती असं मला वाटत नाही. तिने फक्त मला एकदा नीट बघून घेतलं.

"ताप होता सर."

"आता बरं आहे ना?"

"हो सर."

मला सुटल्यासारखं वाटलं, तेही लाज वाटण्याच्या आधी. चौदा वर्षांची मुलगी माझी अब्रू सांभाळत होती, आणि मी ती सांभाळू दिली. पेनाचं टोपण काढून मी तिच्या नावापुढे, कालच्या रकान्यात, ठळक अक्षरांत 'आजारी' लिहिलं.