बिनखांबी घुमटाचं उत्तर

एखादं देऊळ कोणी बांधलं असं विचारलं, तर तुम्ही कोणाचं नाव सांगता — पैसा देणाऱ्याचं, की परांचीवर चढणाऱ्याचं?

भूतखेत, नवस, अंगात येणं यांविरुद्ध मी स्वतः पत्रकं छापून वाटली आहेत. माझं मत आजही तेच आहे. तरीही हे लिहितो आहे...

चिंचवड स्टेशनकडून मुंबई रस्त्याला लागण्याआधी, उजव्या हाताच्या माळावर एका कारखानदाराने मोठं देवस्थान उभारलं. बाग, धर्मशाळा, आणि मधोमध सिमेंट काँक्रीटचा प्रचंड घुमट. आत एकही खांब नाही. "देव आणि माणूस यांच्यात आडकाठी नको, हाच याचा अर्थ," असं शेठ येईल त्याला सांगायचे.

त्याच घुमटाचं काम चालू असताना सोपान पडून मेला. अंधश्रद्धेविरुद्धच्या आमच्या सभांना येणारा, मोठ्याने हसणारा गवंडी. खालून मुकादमाने विचारलं होतं, "परांचीचा दोर सोडू का?" दोर सुटला, परांची कोसळली. मुकादम म्हणाला, सोपानच 'व्हय' म्हणाला. म्हणजे चूक मेलेल्याची! शेठनीही तेच धरलं. सोपानची बायको रखमा मात्र एकच सांगत राहिली, "त्यो असं म्हननारच न्हाई. भोळा व्हता, पर खुळा नव्हता."

उद्घाटनानंतर एका दुपारी मी तिला घेऊन तिथे गेलो. शेठ पाहुण्यांना घुमट दाखवत होते, मुकादम मागे उभा.

"इथे बोलाल तेच परत येतं. बोला, काहीही बोला!"

एक पाहुणा ओरडला, "पगार वाढवा!"

"वाढवा... वाढवा..." घुमट म्हणाला.

"अरे, हा तर युनियनमध्ये गेला!" शेठ म्हणाले. सगळे खो खो हसले.

रखमाला पहारेकऱ्याने पायरीवरच अडवलं होतं — आडकाठी नसलेल्या देवळाच्या पायरीवर! तिथूनच तिने हाक मारली, "मुकादम, देवाम्होरं सांगा. त्यो काय म्हनला व्हता?"

"किती बारी सांगू, बाई?" मुकादम खेकसला. "व्हय म्हनला, व्हय!"

आणि घुमटातून आलं — "न्हाई... न्हाई, थांब!"

आवाज सोपानचा होता. मुकादमाचा चेहरा पांढराफटक. पहिले सावरले ते शेठ. "घुमट आहे... आवाज फिरतो." पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि ते मोटारींत जाऊन बसले. पुढे विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच — आम्ही काही ऐकलं नाही.

माझे सोबती म्हणाले, "हे पत्रकात छापू नको राव. उद्या लोक घुमटापुढेच नारळ फोडतील!" खरं आहे. म्हणून पत्रकात नाही छापलं. आणि चूक मेलेल्याची ती मेलेल्याचीच राहिली.

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. नंतर कितीदा तरी तिथे जाऊन ओरडलो... माझंच ओरडणं परत आलं.

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. पण सोपान पडला तेव्हा खाली बरेच मजूर उभे होते. जिवंत सोपानचं उत्तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि पोटासाठी गिळलंय. तुमच्या ओळखीचा कोणी त्या कामावर होता का? त्याला हे वाचून दाखवा. आणि हाताला धरून रखमाच्या दारापर्यंत घेऊन या.